पंचमाची उतरलेली तार

जुन्या रेकॉर्ड प्लेयरची घरघर म्हणजे त्याची ऊब, असं मी कितीतरी वर्षं मानत होते. घरी तबकड्या ऐकायला येणाऱ्यांना तसं ठासून सांगतही होते. यंत्र साठ-सत्तरच्या दशकातलं, त्यात मोटर, त्यात रबरी चाक. थोडा आवाज असायचाच. तो घालवायला गेलं तर यंत्राचं जुनेपणही त्याच्याबरोबर जाईल, असं माझं म्हणणं असे. आज ते मला मान्य नाही. गाणं चालू असताना मोटरने मध्ये बोलू नये, इतकं साधं माझं आजचं मत आहे. तिथवर यायला मात्र बरंच काही उलगडून पाहावं लागलं, यंत्रातलंही आणि माझ्या समजुतीतलंही.

यंत्र आहे लेन्को एल-७५. स्वित्झर्लंडमधल्या बुर्गडॉर्फ गावी लेन्कोचा कारखाना होता, आणि हे मॉडेल साठच्या दशकाच्या उत्तरार्धातलं. माझे मामा जर्मनीत नोकरीला होते. कायमचे परतताना ते हे घेऊन आले. त्यांच्यामागे ते माझ्याकडे सांगलीला आलं, सोबत मामांच्या एलपी आणि आजोबांच्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या. आजोबांचा साठा बहुतेक नाट्यसंगीताचा, मामांचा ख्यालाचा.

लेन्कोची रचना इतरांहून वेगळी आहे. मोटर थाळीखाली आडवी टांगलेली असते आणि तिचा दांडा एका टोकाकडे निमुळता होत जातो. रबरी कडेचं एक पातळ चाक या दांड्यावर उभं टेकतं, आणि तेच चाक वरच्या बाजूने थाळीच्या तळाला टेकतं. मोटर दांडा फिरवते, दांडा चाकाला, चाक थाळीला. चाक दांड्याच्या जाड भागाकडे सरकवलं की वेग वाढतो, बारीक भागाकडे नेलं की उतरतो. त्यामुळे मिनिटाला ३३, ४५, ७८ फेरे या खुणांवर अडून राहायचं कारण उरत नाही. मधला हवा तो वेग मिळतो.

अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना याचं मोल लगेच कळेल. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं हा अठ्ठ्याहत्तरचा आकडा काटेकोर नव्हताच. कुठली तबकडी ७६ च्या आसपास भरलेली, कुठली ८० च्या. ८० ची तबकडी ७८ वर वाजवली तर आवाज जवळजवळ पाव स्वराने उतरतो. गायकाची पट्टी चुकते आणि गळा आहे त्यापेक्षा जाड वाटतो. लेन्कोवर मी हार्मोनियमची पट्टी धरून वेग जुळवू शकते. त्याच्यावर १६ चाही वेग आहे, जो घरात कधी लागत नाही. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली, केसरबाई केरकरांची भैरवी असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी याच संथ वेगासाठी बनवलेली आहे, हे आठवलं की त्या खुणेकडे बघायला मला आवडतं.

घरघरीचं मूळही याच रचनेत आहे. चार ध्रुवांची मोटर आपल्या ५० सायकलच्या विजेवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या थोडी खाली फिरते, म्हणजे सेकंदाला तेवीस-चोवीस फेरे. दांडा जरा कमीजास्त झाला, बुशिंग जरा कोरडं पडलं, की तेवढ्याच वेळा धक्का बसतो. तो चाकातून थाळीत, थाळीतून तबकडीत, तबकडीतून सुईत जातो. सुईला खाचेतलं गाणं आणि मोटरचा धक्का यांत फरक करता येत नाही. तिच्या लेखी दोन्ही हालचालीच. त्यातून एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच फार रुंद होईल. वाजवताना अँप्लिफायर ते पुन्हा उचलून धरतो. १९५४ पासून रूढ असलेल्या या ठरावाप्रमाणे २० हर्ट्झच्या आसपासचा आवाज मधल्या स्वरांच्या तुलनेत आठ-नऊ पट वाढवला जातो. खरा मंद्र स्वर वाढतो, तशी घरघरही वाढते.

म्हणून तर जग या चाकाच्या पद्धतीपासून दूर गेलं. १९६१ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी अकूस्टिक रिसर्चसाठी पट्ट्यावर चालणारा आणि स्प्रिंगांवर तरंगणारा प्लेयर केला. लवचीक पट्टा मोटरचा धक्का स्वतःतच जिरवतो. १९७० मध्ये टेक्निक्सचा एसपी-१० आला. त्यात मोटर थाळीच्याच वेगाने फिरते, त्यामुळे धक्का फार खालच्या कंपनसंख्येवर जातो आणि कानाला लागत नाही. सत्तरचं दशक संपेपर्यंत रबरी चाकाची यंत्रं घरघरणारी म्हणून माळ्यावर गेली होती. माझा या सगळ्यावर राग होता. फॅशनच्या मागे लागून लोकांनी चांगली, दणकट यंत्रं टाकली असं मला वाटे, आणि त्या रागाच्या भरात मी घरघरीचीच बाजू घेऊ लागले होते.

बाजू घेताना मी दोन वेगळे आवाज एकात मिसळत होते. लाखेच्या तबकडीचा खरखराट तिच्या अंगचा असतो. लाखेत मिसळलेली दगडाची भुकटी, वर्षानुवर्षं तिच्यावरून गेलेल्या पोलादी सुया, हे सगळं त्यात असतं. तो वरच्या पट्टीतला, सळसळता आवाज; कान थोड्या वेळात त्याला बाजूला सारतो आणि गाण्याशी जातो. त्या खरखराटावर माझा जीव होता आणि आहे. मोटरचा आवाज त्या तबकडीचा नाही, गायकाचा नाही, त्या काळाचाही नाही. तो माझ्या खोलीत, माझ्या मेजावर, आत्ता तयार होतो. तरी त्यालाही मी जुन्याचा मान देत होते.

हे मला उमगलं ते माझ्या गाण्याच्या बाईंमुळे. बाई घरी आल्या होत्या. मी मोठ्या कौतुकाने मामांच्या साठ्यातली एका ख्यालगायकाची एलपी लावली. पट्टी काळी एकच्या आसपासची. आलापी सुरू झाली, बाई डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"अगं, ह्यांच्या तानपुऱ्याची पंचमाची तार उतरलीय का?"

मी म्हटलं, एवढे मोठे गवई, असं कसं होईल? बाई गप्प राहिल्या. बाजू संपली, सुई शेवटच्या रिकाम्या खाचेत गोल फिरू लागली. तानपुरा थांबला होता, गवई थांबले होते. बाईंनी हात वर केला.

"बघ, अजून वाजतीय. गाणं संपलं तरी ही तार वाजतीच आहे. हे तुझं यंत्र आहे. इतके दिवस तू असंच ऐकत होतीस?"

त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मला सोसलं नाही. त्या गेल्यावर मी हार्मोनियम काढून बसले आणि हिशेब मांडला. हिशेब अगदी सरळ आहे. वीज ५० सायकलची. मोटरमधलं चुंबक प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढतं, कारण ओढीला उत्तर-दक्षिणेचं सोयरसुतक नसतं. म्हणजे मोटरच्या पत्र्यांची थरथर सेकंदाला १०० वेळा. आता काळी एकच्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर, आणि त्याच्या तानपुऱ्याची पंचमाची तार १०४ च्या जवळ. मोटर धरून बसते १००. म्हणजे बरोबर त्या तारेच्या शेजारी, पण तिच्याहून खाली, अर्ध्या स्वरालाही न पोचणारा एक सूर. बाईंच्या कानाने नेमकं तेच पकडलं होतं. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीची तबकडी लावली तर तिच्या तानपुऱ्याची खर्जाची तारही १०४ च्याच जवळ येते, आणि मोटर तिलाही उतरवते. गायक बदलतो, राग बदलतो, पट्टी बदलते. विजेचा सूर हलत नाही.

ऊब हा शब्द त्या रात्री माझ्याकडून सुटला. मोठ्या वाद्यवृंदाच्या तबकडीत हा सूर बुडून जात असेल. आपल्याकडे आलापीच्या वेळी गळा आणि तानपुरा एवढंच असतं, आणि दोन आलापांच्या मधल्या जागेत तर नुसता तानपुराच. तिथे एक चुकलेली तार अखंड वाजत ठेवून मी त्याला यंत्राचं व्यक्तिमत्त्व म्हणत होते.

पहिला विचार आला तो फिल्टरचा. चोवीस हर्ट्झची घरघर गाळायला फिल्टर चालतो. कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या, १९२५ च्या आधीच्या तबकड्यांत तर दीडशे हर्ट्झच्या खाली फारसं काही नाहीच, तिथे खालचा भाग खुशाल कापावा. पण १०० चा सूर फिल्टरने काढायचा म्हटलं तर त्याच्याबरोबर तानपुऱ्याचा पंचम, गायकाचा मंद्र पंचम आणि डग्ग्याचा घुमारा सगळंच खरवडून निघणार. त्यामुळे तो जिथे जन्मतो तिथेच धरायला हवा होता. म्हणजे यंत्र उघडायला हवं होतं, आणि त्यालाच माझा आजवर विरोध होता. मामांचं यंत्र आहे, मूळ आहे, त्याला हात लावायचा नाही, अशी माझी शपथच होती.

जे आधी केलं त्यात यंत्राला हात लावावा लागला नाही आणि पैसाही लागला नाही. आजोबांच्या आणि मामांच्या बहुतेक तबकड्या मोनो आहेत. मोनो एलपीत आणि अठ्ठ्याहत्तरमध्ये गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं. सुईच्या वर-खाली हालचालीत काहीच नसतं. लेन्कोचं चाक थाळीला खालून रेटतं, त्यामुळे त्याचे धक्के मुख्यतः वर-खालीच असतात. स्टीरिओ कार्ट्रिजच्या दोन वाहिन्या एकत्र केल्या की आडवं तेवढं राहतं आणि उभं एकमेकांना छेदून जातं. अँप्लिफायरवर मोनोचं बटण होतं. मी ते दाबलं आणि घरघर इतकी उतरली की क्षणभर मला वाटलं स्पीकरची वायर निघाली. वूफरचा कागद आधी घरघरीबरोबर डोळ्यांना दिसेल असा आत-बाहेर होत असे, तोही बराच स्थिरावला. पंचमाखालचा सूर मात्र क्षीण होऊन उरलाच.

मोटरचं हे हमिंग दोन वाटांनी येतं, आणि कुठल्या वाटेने येतंय ते आधी ठरवावं लागतं. सुई तबकडीवर न टेकवता मोटर चालू करायची आणि टोनआर्म हळूहळू मध्याकडे न्यायचा. आवाज वाढत गेला तर मोटरचं चुंबकक्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये शिरतंय; काही कार्ट्रिजना आवरण नसतं आणि जुन्या मोटरशी त्यांचं जमत नाही. माझ्याकडे तसं जवळजवळ नव्हतं. मग चाकाची कडी दोऱ्याने मागे बांधून ठेवली, थाळी वर बसवली, थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवली आणि मोटर चालू केली. तबकडी स्थिर, चाक मोकळं, आणि तरीही स्पीकरमधून तोच सूर ठणठणीत. म्हणजे मोटरची थरथर चाकाला न विचारता सरळ पत्र्याच्या सांगाड्यात उतरत होती.

तिथे माझं ज्ञान संपलं. सांगलीत मोटर रिवाइंडिंगची दुकानं पुष्कळ आहेत, शेतीपंपांमुळे. त्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे मी यंत्र घेऊन गेले. रेकॉर्ड प्लेयर त्यांनी कधी उघडला नव्हता. त्यांनी तो उलटा धरला, मोटरला बोट लावून हलवून पाहिलं. मोटर हलेना.

"ताई, ही मोटर लोंबकळायला पायजे. स्प्रिंगा कशाला दिल्यात मग? हिला कुणी आवळलीया?"

आवळली होती खरी. पूर्वी कधीतरी झालेल्या दुरुस्तीत मूळच्या बारीक तारा काढून जाड, ताठ वायर जोडली होती, आणि मोटर डुगडुगू नये म्हणून तिच्याखाली नमद्याचा तुकडा कोंबला होता. लेन्को बनवणाऱ्यांनी मोटर स्प्रिंगांवर टांगली ती तिची थरथर सांगाड्याला कळू नये म्हणून. ताठ वायर आणि तो नमदा यांनी दोघांना घट्ट बांधून टाकलं होतं. मिस्त्रींनी नमदा काढला, मऊ, बहुतारी वायर सैल वेटोळं ठेवून जोडली आणि सांगाड्याला अर्थिंगची वेगळी तार दिली. अर्थिंगशिवाय यंत्र परत देणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं.

मग मोटर उघडली. आतलं तेल वाळून तपकिरी डिंक झालं होतं. बुशिंग सच्छिद्र काशाची. ती तेल पोटात साठवतात आणि दांडा फिरून गरम झाला की थोडं थोडं सोडतात. ती रिकामी झाली की वरून थेंब टाकून भागत नाही. मिस्त्रींनी ती रॉकेलमध्ये धुतली, कोरडी केली आणि पातळ तेलाच्या वाटीत बुडवून मंद गरम केली. बारीक बुडबुडे येत राहिले. ती छिद्रांतली हवा. तशीच तेलात गार होऊ दिली की हवेच्या जागी तेल ओढलं जातं. हे बघायला मी दुकानात थांबले होते, आणि माझ्या शपथेचं काय करायचं हा प्रश्न तिथेच सुटला. मी जपत होते ते मूळ कुठलं? बुर्गडॉर्फहून निघाली तेव्हा ही मोटर मोकळी टांगलेली होती, तिची बुशिंग तेलाने भरलेली होती, चाकाचं रबर मऊ होतं. मामांनी जर्मनीत तबकडी लावली तेव्हा त्यांना ही घरघर ऐकूच आली नसणार. वाळलेलं तेल, कडक रबर आणि कुणीतरी कोंबलेला नमदा यांना मी मूळ समजून सांभाळत होते.

चाकाच्या कडेवर एक चपटा भाग होता, म्हणजे यंत्र कधीतरी चाक टेकलेल्या अवस्थेतच बरेच दिवस पडून राहिलं होतं. रबर घासून गोल करायचा प्रयत्न केला, पुरेसा जमला नाही. शेवटी कडेवर नवं रबर चढवून घेतलं. थाळीच्या बेअरिंगमधली गोळीही बदलली.

विजेच्या दाबाकडे मात्र मी बऱ्याच उशिरा पाहिलं, आणि तिथेच सगळ्यात जास्त मिळालं. युरोपात तेव्हा २२० व्होल्ट होते, मोटर त्या हिशेबाने बांधलेली. आमच्याकडे रात्री, म्हणजे मी ऐकायला बसते तेव्हाच, मीटर २५० च्या घरात जातो. चुंबकाची ओढ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब २५० वरून २१० वर आणला तर ओढ साधारण तीस टक्क्यांनी उतरते, आणि मोटरचं लोखंड चुंबकीय संपृक्ततेच्या जवळ चालत असेल तर हमिंग त्याहूनही जास्त उतरतं. मिस्त्रींनी दुकानातला डिमरस्टॅट लावून हे समोर करून दाखवलं. मूठ फिरवत गेले तशी मोटरची गुणगुण विरत गेली. थाळीचा वेग किंचित पडला, तर निमुळत्या दांड्यावर चाक जरा सरकवलं आणि स्ट्रोब तबकडीवरच्या १८० रेघा पुन्हा स्थिर झाल्या. ज्या सोयीसाठी मी हे यंत्र धरून होते तीच इथे कामाला आली. एक सांगायला हवं. यासाठी पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वापरू नये. तो विजेची लाट कापतो, आणि कापलेल्या लाटेवर मोटर आधीपेक्षा जास्त कुरकुरते.

शेवटी उरली पेटी. मामांच्या प्लेयरला सागवानी पोकळ पेटी होती, सुरेख पॉलिश केलेली. तिला बदलायला मी मुळीच तयार नव्हते. माझा तानपुरा जवारीसाठी मिरजेला द्यायचा होता, तेव्हा तिथल्या कारागिरांशी बोलता बोलता पेटीचा विषय निघाला. ते म्हणाले, पोकळ पेटीवर थरथरणारी वस्तू ठेवलीत तर ती पेटी त्या वस्तूचा भोपळाच होणार. आम्ही भोपळा निवडतो तो तारेचा आवाज वाढावा म्हणून. तुम्हाला तर वाढवायचा नाही.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता लेन्को मरीन प्लायच्या एकावर एक चिकटवलेल्या थरांच्या भरीव ठोकळ्यात बसला आहे, मोटर आणि दांड्यापुरतीच जागा आत कोरलेली. ठोकळ्याखाली कडप्प्याची फरशी, स्वयंपाकाच्या ओट्याला लागते तीच. नुसता कडप्पा टिचकी मारली तर वाजतो, म्हणून फरशी आणि ठोकळा यांच्यामध्ये रबराची चादर आहे. सगळं मिळून इतकं जड झालंय की झाडताना हलवता येत नाही. सागवानी पेटीत आता आजोबांच्या तबकड्या आहेत.

पुढे जाऊन जुनी मोटरच काढून तिच्या जागी नवी डीसी मोटर बसवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं यंत्र माझ्यापेक्षा शांत असेल. मला ते करायचं नाही. निमुळता दांडा, उभं चाक आणि जड थाळी यांत एक जोर आहे. ख्यालाच्या द्रुतात, तबल्याची थाप पडते तिथे, तो मला ऐकू येतो, आणि तो गमावून मिळणारी शांतता मला नको आहे. खरखराट काढून टाकणारी संगणकी साफसफाईही मला नको. माझं मत बदललं ते एवढ्याच बाबतीत, की यंत्राने स्वतःचा आवाज तबकडीत मिसळू नये.

परीक्षेला मी अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी लावते. दरबारीत खाँसाहेब मंद्रात उतरतात आणि तिथेच थांबतात, घाई नाही. पूर्वी त्या जागी मला एक दाट, मऊ अंधार ऐकू येई आणि तो मला फार आवडे. त्यात किती भाग खाँसाहेबांचा होता आणि किती मोटरचा, हे आता कळतं. आता मंद्रातल्या स्वराची कड दिसते. तो स्वर संपतो, आणि संपल्यावर मागे तानपुऱ्याची जवारी उरते. ती आधीही त्या खाचेत होतीच.

पूर्ण शांतता झालेली नाही. आवाज खूप वाढवून, कान स्पीकरला लावला तर १०० चा सूर अजून सापडतो. थंडीत रबर कडक होतं तेव्हा घरघर जरा वर येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त दरवर्षी पाहत राहायला हवं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात चकचकीत पॉलिश केलेले प्लेयर विकायला असतात, तेव्हा मी आता पॉलिश बघत नाही. विकणाऱ्याला मी यंत्र उलटं करून दाखवायला सांगते आणि मोटर बोटाने हलते का ते बघते.

कोल्हापूरच्या एका ज्येष्ठ संग्राहकांना माझं हे सगळं पटलेलं नाही. त्यांच्याकडे वडिलांचा रेडिओग्राम आहे आणि तो सुरू झाला की आधी घरघर येते, मग गाणं. लहानपणापासून ते असंच ऐकत आले आहेत. त्या घरघरीतच वडील आहेत, असं ते म्हणतात. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, वडिलांनी तो विकत आणला तेव्हाही तो इतकाच घरघरत होता का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, कसं सांगू? मिस्त्रींना घेऊन कोल्हापूरला यायची माझी तयारी आहे, हेही मी त्यांना सांगून ठेवलंय. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.